पडली तरी हात वर

१६ जानेवारी २०२४, मंगळवार

नवीन काम घेतलं. स्केटबोर्डिंगची स्पर्धा एका अ‍ॅपवर थेट दाखवायची आहे. फेब्रुवारीत तीन दिवस. कात्रजच्या पुढे एका गृहसंकुलाला लागून नवीन स्केट पार्क झालं आहे, तिथे. माझं काम नेहमीचंच, रिप्ले. सगळ्या कॅमेऱ्यांची दृश्यं माझ्या मशीनमध्ये साठत राहतात. दिग्दर्शक मागेल तो क्षण शोधायचा, हळू करायचा आणि पडद्यावर सोडायचा. क्रिकेट आणि कबड्डीसाठी चार वर्षं हेच केलं आहे.

आज बैठक झाली. दिग्दर्शक यज्ञेश्वर सर. त्यांचं म्हणणं असं, की या खेळातलं कौशल्य घरी बसून बघणाऱ्याला कळत नाही, पडणं मात्र कळतं. "म्हणून पडण्याचे दोन रिप्ले. एक लांबून, एक चेहऱ्यावर." मी विचारलं, उडी जमली की नाही हे नेमकं कशावरून ठरतं. ते म्हणाले, "ते परीक्षक बघतील. आपण चेहरे बघायचे."

मला पटलं नाही. जे समजलेलं नाही ते हळू करता येत नाही. कुठून सुरू करायचं हेच कळत नाही. पण पहिल्या बैठकीत हे बोलायची गरज वाटली नाही.

जेवताना आईला सांगितलं.

"म्हणजे चाकं लावलेल्या फळीवरून पडायचं?"

"पडायचं नसतं. पडतात."

"आणि ते बघायला लोक अ‍ॅप घेणार. आपल्या खिडकीत उभं राहिलं तरी दिसतं की, दुचाकीवरून."

आई शाळेतून निवृत्त झाली, पण वर्ग सुटलेला नाही.

२० जानेवारी, शनिवार

कॅमेऱ्यांच्या जागा ठरवायला आम्ही पार्कवर गेलो. चाचणीसाठी कोणीतरी खेळणारं हवं होतं. एक मुलगी आपणहून आली. शालू. वय एकोणीस, तीही स्पर्धेत आहे. पार्क ज्या जमिनीवर आहे ती तिच्या वडिलांची होती. ते, सर्जेराव काका, प्लास्टिकची खुर्ची टाकून कडेला बसलेले असतात.

"हितं आमची ज्वारी हुती," ते मला म्हणाले. "बिल्डरनं शिमिट वतलं. मला वाटलं, आता हितं काय उगवायचं न्हाय. तर ही उगावली."

"आप्पा, गप बसा की. ताई काम करतायत."

पार्कमध्ये पायऱ्यांच्या बाजूने खाली उतरणारा एक लोखंडी बार आहे. वेगात यायचं, बोर्डासकट उडी मारायची, बोर्ड त्या बारवर आडवा टेकवून घसरत यायचं आणि खाली चाकांवर उतरायचं. शालूने ते बऱ्याच वेळा केलं. निम्म्या वेळा जमलं. मला मात्र प्रत्येक वेळी उडीची सुरुवात पकडायला उशीर होत होता. तिने येऊन माझा पडदा बघितला.

"ताई, तुम्ही पायाकडं बघताय. सगळे तिथंच बघतात. खांद्याकडं बघा. खांदा आधी ठरवतो, पाय मागनं जातो."

त्यानंतर एकही सुरुवात हुकली नाही.

निघताना तिने विचारलं, मी कुठून येते. कसब्यातून, म्हटलं. "म्हणजे मंडईजवळ. तिकडं मी फक्त गणपतीत आलीय, काय दिसलंच न्हाय, नुसती डोकी." तिचा नंबर घेतला. पुढच्या चाचणीला लागेल.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

या दोन आठवड्यांत तीनदा पार्कवर गेले. चाचणी तशी एकदाच पुरली असती, पण खेळ समजून घेणं हा कामाचा भाग आहे.

त्यांची एक पद्धत लिहून ठेवते. कोणी अवघड काही करायला निघालं की कडेला उभे असलेले सगळे आपापल्या बोर्डाचं टोक जमिनीवर आपटतात. टक, टक, टक. प्रतिस्पर्धीसुद्धा. समोरचा पडला तरी आपटतात. मी शालूला म्हटलं, पडल्यावर कसली शाबासकी. ती म्हणाली, "जमल्याची न्हाय ती. निघाल्याची हाय."

सरांनी आज तालमीत तो आवाज ऐकला आणि काढायला सांगितला. "कोणीतरी दार ठोठावतंय असं वाटतं." त्या जागी साठवलेल्या टाळ्या जातील.

नंतर नियम सांगितले. आमची यंत्रं ज्या व्हॅनमध्ये असतात, तिथलं दृश्य प्रसारित झाल्याशिवाय बाहेर जायचं नाही. खेळाडू, प्रशिक्षक, परीक्षक, कोणालाही दाखवायचं नाही. नियम चांगला आहे. आम्ही जे झालं ते दाखवतो, मत देत नाही. हे काम मला आवडतं ते त्यामुळेच.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

पात्रता फेरी झाली. शालू अंतिम फेरीत गेली आहे. अंतिम फेरी रविवारी. तिथे पहिली येईल तिला राष्ट्रीय शिबिराला घेणार आहेत. ती गेलं वर्षभर याच एका गोष्टीसाठी खेळते आहे. काकांनी तर गावात सांगूनही टाकलं आहे.

तिची शेवटची उडी जमली नाही. बारवर बोर्ड टेकला, मागचा पाय सुटला आणि ती पाठीवर पडली. डोक्याचा मागचा भाग काँक्रीटवर आदळला. हेल्मेट होतं, म्हणून सगळे निवांत होते. लगेच उठली, प्रेक्षकांकडे बघून हसली. स्पर्धेचे डॉक्टर मोठ्या उतारामागे बसतात, त्यांना पडताना दिसलं नाही. ते पोचले तेव्हा ती चालत होती. नाव विचारलं, वार विचारला. तिने सांगितलं. त्यांनी जाऊ दिलं.

मी जलद कॅमेऱ्याचं दृश्य हळू केलं. डोकं आपटल्यावर तिचे दोन्ही हात कोपरात वाकून वर गेले आणि हवेतच राहिले. मुठी अर्धवट वळलेल्या. डोळे उघडे होते.

सर माझ्या मागे उभे होते. "हात बघ. पडली तरी हात वर." हे शब्द त्यांनी लगेच निवेदकाला दिले. मग म्हणाले, "उलटं चालव." उलटं चालवल्यावर ती हात वर करून जमिनीवरून उठते आणि उडत बारवर जाते. रविवारची जाहिरात म्हणून हेच ठरलं. मी कापून दिलं. डोळे दिसायच्या आधी थांबले, ते चांगले दिसत नव्हते. त्यामुळे सगळं एका रेषेत बसलं. काम चांगलं झालं, असं लिहायला हरकत नाही.

घरी आल्यावर पोळी पुढ्यात घेऊन नुसती बसले होते, तेव्हा कबड्डीचा तो सामना आठवला. एक चढाईपटू असाच पडला होता, त्याचेही हात असेच राहिले होते. तेव्हाचे डॉक्टर धावत आत आले आणि त्याला उठूच दिलं नाही. नंतर त्यांनी आम्हाला सांगितलं होतं: हात असे ताठ होऊन थांबले, तर मेंदूला मार बसला समजायचं. माणूस ते करत नाही, ते होतं. आणि तो मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर फार वाईट.

मी वाचून खात्री केली. तसंच आहे.

आई म्हणाली, "काय बघितलंस?"

"काही नाही. कामाचं."

"तुला दिसतं पुष्कळ. बोलायला काय वेगळा कर पडतो?"

१० फेब्रुवारी, शनिवार

आज मुलांची फेरी होती. सकाळी आल्याबरोबर मशीनवर ते दृश्य लावलं आणि मोबाइलवर उतरवून घेतलं. नियम मोडला. दुपारच्या सुट्टीत शालूकडे गेले.

ती खेळाडूंच्या मांडवात, सावलीत बसली होती, टोपी डोळ्यांवर ओढून. काका शेजारी होते. जाहिरात काल संध्याकाळपासून चालू आहे, ती सगळ्या गावाच्या मोबाइलवर पोचली आहे. "पडली तरी हात वर," काका म्हणाले. "माझा बाप असाच हुता, म्याडम. बैलानं पाडला तर बैलालाच शिव्या घालत उठायचा."

मी शालूला म्हटलं, हे बघ. सरळ चालवलेलं, हळू, डोळ्यांसकट. एकदा दाखवलं, पुन्हा दाखवलं. बोलले काही नाही. दृश्य स्पष्ट आहे. त्यावर बोलले असते तर ते माझं मत झालं असतं, आणि मी डॉक्टर नाही.

"परत लावा," ती म्हणाली. लावलं. मोबाइल अगदी डोळ्यांजवळ नेऊन तिने बघितलं. "घावलं. मागचा पाय आत गेलाय बघा. बोटभर. म्हणून सुटला." तिचा चेहरा उजळला. "ताई, लई उपकार झाले. मी रात्रभर हाच विचार करत हुते, कुठं चुकलं."

मी म्हटलं, डोकं दुखतंय का.

"थोडं. झोप न्हाय ना." मग म्हणाली, "तुम्ही येता कुठून एवढ्या लांब?"

"कसब्यातून. सांगितलं होतं."

"हां, कसब्यातून."

थोडा वेळ बसले. दुसरं काही बोलणं झालं नाही. उठले तेव्हा तिने पुन्हा विचारलं, मी राहते कुठे. उद्याच्या विचारात असणार.

तिने बघितलं आहे. आता निर्णय तिचा. मी माझ्याकडून केलं.

हे वाक्य दोनदा वाचलं. बरोबर वाटत नाही, पण चूक कुठे आहे ते सापडत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"डॉक्टरांनी तिला काय सांगितलं?"

"खेळायला हरकत नाही म्हणून. पण त्यांनी हे बघितलेलं नाही."

"त्यांना उद्या दाखवू. नीरजा, त्या मुलीला आयुष्यात एकदा हे मिळतंय. आपण तिला व्हॅनमधून बाद करायची?"

जागेवर जाऊन बसले.

अंतिम फेरीआधी सगळ्या मुली सरावाला उतरतात. मी शालूच्या कॅमेऱ्यावर होते. ती वेगात बारकडे आली. मी खांद्याकडे बघत होते. खांदा वळला नाही. ती तशीच बारपर्यंत आली, बोर्डावरून उतरली आणि बारकडे बघत उभी राहिली. कोणीतरी तो आत्ताच तिथे आणून ठेवला असावा, अशी.

सर म्हणाले, "छान. एकाग्रता. चेहरा घे." मी हेडफोन काढून ठेवला आणि उठले.

"कुठे?"

"डॉक्टरांकडे."

"दोन मिनिटांत लाइव्ह आहोत."

"माहीत आहे."

डॉक्टर त्यांच्या टेबलाशी होते. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी बघितलं आणि हसले. "ही ती मुलगी. हात वरवाली. जिद्दी आहे." त्यांनी जाहिरात बघितलेली होती, म्हणून त्यांना तेच दिसलं. त्या क्षणी मला समजलं की हे दृश्य कोणालाही नुसतं दाखवून उपयोग नाही.

मग बोलले. "हे हात तिने वर केलेले नाहीत. कोपरं बघा, वाकून तशीच ताठरली आहेत. डोळे बघा, कुठेच बघत नाहीत. काल तिने मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. आत्ता बारसमोर येऊन ती कशाला आली ते विसरली."

बोलताना पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न तोंडातून आपोआप आला. काल लिहिला तेव्हा मला तो कशाची खूण आहे हे कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी मोबाइल हातात घेतला. पुन्हा बघितलं. मग ते शालूकडे गेले आणि तिला महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगितले. ऑक्टोबरनंतर ती थांबली. हसली. पुन्हा डिसेंबर म्हणाली.

त्यांनी तिचं हेल्मेट काढून घेतलं. तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. काका गाडीत बसताना माझ्याकडे बघत होते, पण त्यांना अजून काही माहीत नव्हतं. शालूला माहीत होतं. "ताई," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी इचारलं हुतं?"

गाडीचं दार लागलं.

व्हॅनमध्ये परतले. माझ्या खुर्चीवर सहायक बसला होता. सर पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. आत्ता बस, तिसऱ्या मुलीचं हवंय." बसले. फेरी संपेपर्यंत काम केलं. एकही सुरुवात हुकली नाही.

शालूबद्दल निवेदकाने 'दुखापतीमुळे माघार' एवढंच सांगितलं. त्यानंतर जाहिरात पुन्हा लागली. ती माझ्याच हाताखालून गेली.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर लिहिलं नाही. घरी आहे. आईने एकदाही विचारलं नाही, हे तिच्यासाठी अवघड असणार.

आज काकांचा फोन आला. हॉस्पिटलमधून चार दिवसांनी सोडलं. आता अंधाऱ्या खोलीत झोपून राहायचं, मोबाइल नाही, टीव्ही नाही, बोर्डाला हात नाही. किती महिने ते डॉक्टर सांगत नाहीत.

"म्याडम, एक इचारायचं हुतं. पोरांनी चौकात बॅनर लावलाय. तिचा हात वर केलेला फोटू. लई मोठा. ठिवू का काढू?"

"काढा, काका."

"का वो? चांगला आलाय."

मी त्यांना सांगितलं. हात का वर गेले ते. पहिल्यापासून, सोप्या शब्दांत. मध्ये कुठेही थांबले नाही. मग ते म्हणाले, "म्हंजी मी त्येच्यावर हार घातला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शनवारी तुम्ही दाखवून गेला ना," ते म्हणाले, "मग पोरगी लई खुशीत हुती. पाय सुधारायचा म्हनून दिवस मावळंपतुर खेळत बसली. दोनदा पडली. डॉक्टर म्हनतात, त्येनंच वाढलं."

त्यांनी हे दोष द्यायला सांगितलं नाही. नुसतं सांगितलं. फोन ठेवताना, जेवलात का, असंही विचारलं.

शनिवारी दोनदा पडली. तिला पाय सुधारायचा होता. पाय मी दाखवला.

२५ फेब्रुवारी, रविवार

शालूने काकांकरवी निरोप पाठवला: त्या ताईंना या म्हणावं. कारण सांगितलं नाही.

चपला घालताना आई दारात आली. "बघायला चाललीस की बोलायला?"

"माहीत नाही."

"मग डबा तरी ने. बोलणं अडलं तर तो उघडता येईल."

चौकात बॅनर नव्हता. बांबू तसेच उभे होते.

संकुलाच्या मागे त्यांचं घर आहे. शालूच्या खोलीच्या खिडकीवर सतरंजी लावलेली. आत डोळे सरावायला वेळ लागला. ती कॉटवर उशीला टेकून बसली होती. बोर्ड कॉटखाली होता, चाकं वर करून.

"बसा," ती म्हणाली. मी डबा ठेवला. मोबाइल पर्समध्येच राहू दिला.

"डोळ्यांपुढं काही धरायचं न्हाय मला. पडदा बघितला की उलटी येती. आप्पाला फायनलचं इचारलं तर म्हणतात, एक पोरगी जिंकली. बास." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "तुम्ही सगळं बघितलंय. हळू करून बघितलंय. तुम्ही सांगा."

"सांगते."

"आधी माझं सांगा. शुक्रवारचं."

मी सांगितलं. ती कशी आली, बोर्ड कुठे टेकला, पाय कुठे सुटला. पायाचं बोलल्यावर तिने मान हलवली, ते तिला माहीत होतं. मग डोकं आपटल्याचं सांगितलं. हात वर गेले ते सांगितलं. किती वेळ तसेच राहिले, आणि डोळे कसे होते, तेही.

"ते हात मी वर केले न्हवते."

"नाही."

"मला वाटलं केले असतील. सगळे म्हणत हुते, तर मला आठवायला पण लागलं हुतं." ती थांबली. "हे शनवारी का न्हाय बोललात? आत्ता बोललात तसं?"

"मला वाटलं, दिसतंच आहे."

"तुम्हाला दिसतं, ताई. मला पायच दिसला."

तिच्या म्हणण्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. बाहेर पार्कवर कोणीतरी सराव करत होतं. चाकांचा आवाज यायचा, मग थांबायचा, मग बोर्डांची टकटक. ती ऐकत होती. तिची बोटं कॉटच्या लाकडावर हलली आणि स्थिर झाली.

"शिबिराला ती गेली ना? जिंकलेली?"

"गेली."

"तिची बारवरची उडी सांगा. शेवटची." तिने डोळे मिटून घेतले. "घाई करू नका. सावकाश सांगा."

मी खांद्यापासून सुरुवात केली.